उलट्या टोकाकडून वाचलेल्या खुणा
बर्फाच्या कारखान्यातला अमोनियाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी रत्नागिरी बंदराजवळच्या एका कोलंबीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचो. शीतगृहातल्या प्रत्येक खोक्याच्या 'ताजा', 'नासका' अशा आठ हो-नाही खुणा एकाच आकड्यात कोंबून आम्ही फ्लॉपीवर मुंबईला पाठवायचो आणि कुठला माल ठेवायचा, कुठला टाकायचा, ते तिथला मुख्य प्रोग्राम ठरवायचा. मुंबईत नवं मशीन येणार म्हटल्यावर मी साहेबांना विनवलं, "प्रत्येक खूण नावासकट वेगळी लिहूया, म्हणजे कुठलंही मशीन ती बरोबर वाचेल." "फ्लॉपीवरची जागा काय तुझ्या बापाची?" साहेब म्हणाले. झालं! आमचा प्रोग्राम खुणा उजवीकडून मोजायचा, मुंबईच्या नव्या मशीनवरचा डावीकडून. आमची 'ताजा' तिकडे 'नासका' झाली आणि माल फेकायचा हुकूम आला. जिच्या होडीची ती कोलंबी होती, ती बाई मूठभर कोलंबी साहेबांसमोर धरून ओरडली, "अवो, परवाच आणलेली ही, कुजली कशी? वास तरी घेऊन बघा!" साहेब वाकलेसुद्धा नाहीत. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," म्हणाले आणि सगळी खोकी खड्ड्यात ओतायला लावली. पुढे चूक उघडी पडल्यावर त्यांनी मुकाट्याने खुणा नावासकट लिहायला सांगितल्या. लिहिल्या. तरी फ्लॉपी अर्धी रिकामीच राहिली! ती जागा वाचवून कुणाचं भलं होणार होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.