अकरा विहिरींची वही

आमच्या घरात सगळ्यात तोंडाळ कोण, असं विचारलं तर शेजारीसुद्धा माझ्याकडेच बोट दाखवतील. "या पोरीच्या जिभेले हाड नाई," असं आई म्हणायची. कंडक्टरशी भांडण, दुकानदाराशी भांडण, वर्गात तर रोजच. आणि एवढं असूनही जिथे खरंच बोलायला पाहिजे होतं, तिथे माझी दातखीळ बसली. अजून त्याचा राग येतो, तोही स्वतःचाच.

बाबांचं मालेगावात पाण्याच्या मोटरी भरायचं दुकान. शेतातली मोटर जळाली की लोक ती मोटरसायकलवर बांधून आणतात, बाबा तिच्यात नवी तार भरतात आणि मग स्वतः जाऊन ती विहिरीत सोडून देतात. किती पाइप लागेल हे कळायला विहिरीत पाणी किती खाली आहे ते पाहावं लागतं. बाबांकडे त्यासाठी दोरी होती. फुटाफुटावर गाठ आणि टोकाला एक मोठा लोखंडी नट. नट पाण्याला लागला की डुबुक आवाज येतो, तेवढ्या गाठी मोजायच्या. मग दुकानाच्या शटरवर आतून खडूनं लिहायचं, ‘आंब्याची विहीर, ३४’. काम झालं की पुसून टाकायचं. त्यांचा सगळा हिशेब असा, आजच्यापुरता.

दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत फिरले आणि मला त्या दोरीचं वेडच लागलं. आमचं गाव जऊळक्याच्या बाजूला. गावच्या अकरा विहिरी मी धरल्या आणि दर सोमवारी सगळ्यांत दोरी सोडायला लागले. एका सोमवारचं एक पान. वर तारीख, खाली अकरा आकडे. लोक हसायचे. एक म्हातारबुवा तर म्हणाले, "काहून वं बाई, पाणी मोजल्यानं वाढते काय?" वाढत नाही, पण शाळेमागे नवी बोअर झाली आणि पंधरा दिवसांत बाजूची विहीर चार फूट खाली गेली, हे गावात फक्त माझ्या वहीला माहीत होतं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. वाटलं, आपल्याला हेच करायचं आहे.

अकरावीला सायन्स घेतलं. आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. बायोलॉजीवाल्या पोरांनी एक तर जादा विषय म्हणून गणित घ्यायचं, नाहीतर वर्षभर स्वतंत्र प्रकल्प करायचा. दोन्हींचा तास एकाच वेळी, म्हणून दोन्ही मिळत नसत. बहुतेक सगळे गणितच घ्यायचे, कारण डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग, ‘दोन्ही दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

मी घरी सांगितलं, "बाबा, मले प्रकल्प घ्यायचा हाये. विहिरींचा."

"घे ना. तुयं तुले समजते," बाबा म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

फॉर्मवर पालकाची सही सायन्सच्या सरांसमोर लागत होती. बाबा पहिल्यांदाच माझ्या कॉलेजात आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, पण हाताला मोटरीच्या तारेवर ओततात त्या वार्निशचा वास होताच. माझी वही त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणली होती. कशाला, ते मी विचारलं नाही.

सरांनी फॉर्म पाहिला. "गणित का नाही घेतलं? झेपत नाही का पोरीला?"

बस्स. बाबांना ते लागलं. कुणी त्यांच्या हातच्या मोटरीला नाव ठेवलं तर ते जेवत नाहीत, इथे तर पोरीलाच नाव ठेवलं होतं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. "झेपत कसं नाई सर? हे पाहा. अकरा विहिरी, दर हप्त्याले. फरक काढला, सरासरी काढली. सगळं हिनंच केलं, कोणी शिकवलं नाई."

सरांनी चार पानं उलटली. मग चष्मा वर करून म्हणाले, "अहो, हिचं गणित एवढं पक्कं आहे आणि तुम्ही तिला विहिरीत दोऱ्या सोडायला लावता? गणितच द्या. डोकं वाया घालवू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्यासाठी भांडायला गेलेला माणूस माझ्याच वहीनं हरला, आणि हरलो हे त्याला कळलंसुद्धा नाही. बाबांचा चेहरा असा फुलला होता! सायन्सच्या सरांनी त्यांच्या पोरीला हुशार म्हटलं होतं. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतं वं? सर म्हणून राह्यले तर घेऊन टाकू गणित?"

नाही म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण तो चेहरा कसा पाडायचा, तोही परक्या माणसासमोर? मी मान हलवली. बाबांनी ‘प्रकल्प’ खोडून सही केली.

पुढची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गणित मला कधी आवडलंच नाही. शिकवणी, शिरपूरच्या मावशीकडे राहून अभ्यास, सगळं केलं आणि बारावीला गणितात काठावर पास झाले. त्या ओढाताणीत बायोलॉजीही गेलं. दोन्ही दरवाजे उघडे होते म्हणे, मला एकातूनही आत जाता आलं नाही. आई म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं." पुढचं ती बोलली नाही.

निकालाच्या दिवशी मी दुकानात जाऊन बसले. बाबांनी हातातली मोटर बाजूला ठेवली. गल्ल्याखालून त्यांनी एक जाड वही काढली. "हे घे. तुया अभ्यासात वेळ नव्हता ना, म्हणून मी मोजत राह्यलो. आता तू मोकळी हायेस, करून टाक तो प्रकल्प."

मी वही उघडली. अकराही विहिरी. आंब्याची, मशिदीमागची, शाळेची. पान भरलं की दुसरं पान. दोन वर्षं हा माणूस जमेल तेव्हा दुकान बंद करून गावभर दोरी घेऊन फिरला होता. विहिरीचं नाव आणि पुढे आकडा, शटरवर लिहितात तसंच, नीट, ओळीत. मी पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. कुठेच तारीख नव्हती. कुठला आकडा उन्हाळ्याचा, कुठला दिवाळीचा, आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"काय वं, चुकलं काय काई?" बाबांनी विचारलं.

"नाई बाबा," मी म्हटलं. "बरोबर हाये."

"मंग पुढचंही लिहितो," ते म्हणाले, आणि वही परत गल्ल्याखाली ठेवली.