झोपेत येणारा भाऊ

माझ्या वडिलांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत, केळीचा लोंगर खांद्यावर घेताना. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आगाशीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, शहरात पाठवून कार्डिओग्राम काढून आणायला सांगितलं आणि प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या लिहून दिल्या. हृदयाची धडधड आवरणारं औषध, असं ते म्हणाले.

कळ थांबली. पण भर उन्हाळ्यात बाबांची बोटं गार पडू लागली. विहिरीपासून घरापर्यंत आले की ते ओट्यावर टेकत. आणि त्यांना स्वप्नं पडू लागली. त्यांचा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला होता, मी जन्मायच्याही आधी. तो आता रोज स्वप्नात येई. सकाळी चहा पिताना बाबा आम्हाला त्याचं बोलणं सांगत, काल भेटल्यासारखं.

आई घाबरली. तिने चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली. तरी स्वप्नं थांबेनात, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली.

"गोळीमुळे होतं तसं कुणाकुणाला," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन तिने गोळ्या पेटीत टाकल्या. बाबांनीही त्या मागितल्या नाहीत. अंगात पुन्हा जोर येईल असं त्यांना वाटत असावं. चारपाच दिवसांत ते वाडीतच घामाने भिजून खाली बसले. शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्यांना वसईला इस्पितळात नेलं. ते वाचले आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आगाशीचे डॉक्टर आईवर चिडले. "ही गोळी एकदम सोडायची नसते, बाई. हळूहळू कमी करायची, तीही मला विचारून."

पुढे काही वर्षांनी त्याच जातीची नवी गोळी आली. दिवसाला एकच घ्यायची. डॉक्टरांनी ती सुरू केली. महिनाभराने बाबा म्हणाले, "डॉक्टर, जुनीच द्या."

"का? दुखतंय?"

"दुखत नाही. भाऊ येत नाही."

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "द्या जुनीच."

त्यानंतर सकाळी चहा देताना तीच विचारायची, "आज काय म्हणाला?"

"काही नाही. पानवेलीला पाणी सोडत होता."