चौकशीवाल्याचा पाव तास

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीला काच आहे आणि काचेला अर्धगोल भोक. ते कोणत्या शहाण्याने पाडलं कोण जाणे, पण उंच माणसाला तिथे कमरेत वाकावं लागतं, बुटक्याला टाचा उचलाव्या लागतात, आणि आत बसणाऱ्याला दोघांसाठीही मान तिरकी करावी लागते. अशी मान तिरकी करून ज्याने केस पांढरे केले, त्याला सगळं गाव 'चौकशी' म्हणत असे. तोंडावर चौकशीवाले, पाठीमागे नुसतं चौकशी. समोरच्या गल्लीत राहणारी त्याची सख्खी बहीणसुद्धा दादा म्हणायचं विसरली होती. "आमचा चौकशी आला का हो घरी?" असं ती खुशाल विचारायची.

माणूस सज्जन होता. खोड एकच. गाडीची वेळ तो कधीही खरी सांगत नसे, पाव तास आधीची सांगे. त्याचं म्हणणं असं, की प्रवासी खिडकीपासून फलाटापर्यंत सरळ कधी जातो का? वाटेत त्याला तहान लागते, ओळखीचं कुणी भेटतं, पिशवीचा बंद तुटतो. पाव तास खिशात घालून दिला की गाडी चुकत नाही. झालं एवढंच, की वर्षं गेली तसं गावाला हे कळून चुकलं. मग लोक त्याने सांगितलेल्या वेळेत आपणच पाव तास मिळवायला लागले. म्हणजे तो कमी करणार, लोक वाढवणार, आणि गाड्या आपल्या वेळेवर सुटणार. सगळं सुरळीत चाललं होतं.

घरीही हाच हिशेब. "आठला येतो," असं तो म्हणाला, की बायको सव्वाआठला भाकरी तव्यावर टाकायची. बहीण तर सांगते, की लग्नाच्या दिवशी त्याने सासरच्या मंडळींनाही पाव तास आधीची वेळ सांगितली होती आणि बिचारी मंडळी रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या मोजत बसली होती. बहिणीचं बोलणं निम्मं सोडून द्यावं, पण निम्मं तरी खरं असणारच.

बायको शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, आणि मशीनच्या फळीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं. शिवण सरळ असली की डोळा ओळीवर, वळण आलं की डोळा कापडावर. तिची एक लाडकी लेखिका होती, केव्हाच वारलेली. उभा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसलेली बाई. तिचं घर राजधानीत जपून ठेवलं होतं. ते टेबल, तो चष्मा, भिंतीवरचा शाईचा डाग, सगळं जसंच्या तसं. चौकशीच्या बायकोला ते घर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढीच इच्छा, आणि ती जुनी झालेली. कारण रोज राजधानीच्या गाड्या सांगणाऱ्या तिच्या नवऱ्याकडून तिला राजधानीला न्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

मग पेपरात बातमी आली. घर दुरुस्तीसाठी बंद होणार, पुढच्या शनिवारनंतर. उघडणार कधी ते लिहिलेलं नव्हतं. तिने ते पान घडी करून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

संध्याकाळी तो घरी यायचा तो आवाज संपवूनच. दिवसभर त्याच त्याच गोष्टी बोलून घशाची चाळण झालेली असायची. घरात तो भुवयांनी बोलायचा. दोन्ही वर म्हणजे हो, एक वर म्हणजे बघू, डोळे मिटले म्हणजे आता पुरे.

"वाचलंत?" तिने विचारलं.

दोन्ही भुवया वर.

"मग कधी जायचं? राहायचं कुठे? आधी घर की आधी तिथलं ते मोठं संग्रहालय?"

डोळे मिटले.

"बरं आहे," ती दोरा ओवत म्हणाली. "सगळ्या गावाला विचारलं तर सांगता. बायकोने विचारलं की खिडकी बंद."

हे मात्र लागलं. रात्री जेवताना तो घसा खाकरून म्हणाला, "शनिवारी घर. रविवारी संग्रहालय. रविवारी रात्री परत."

मग आठवडाभर रोज थोडं थोडं ठरत गेलं. ठरवायला बसलं की दोघांनाही जांभया. तिचे पाय पेडलवर सुजलेले, त्याची मान आखडलेली. ती सांगायची, घरात आधी स्वयंपाकघर बघायचं, मग चष्मा, जिना सगळ्यात शेवटी. तो म्हणायचा, "मला एक बाक असला की झालं." संग्रहालयाचंही त्याला एकच आकर्षण होतं. तिथे म्हणे छताला एका प्रचंड देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. त्याच्याखाली बसायचं. देवमासा काही विचारणार नाही.

बहीण मध्येच येऊन टपकली. "वहिनी, मेलेल्या बाईचं घर बघायला एवढ्या लांब? माझं घर बघ, चहा तरी मिळेल."

"तुमचं घर बघितलंय," वहिनी म्हणाली. "चहाही बघितलाय."

साहेबांनी तोंड वाकडं करत एका शनिवारची रजा दिली. पहिली गाडी धरली तर दुपारच्या आत पोचता येणार होतं, निवांत बघून होणार होतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने विचारलं, "सकाळी गाडी किती वाजता?"

त्याच्या मनात आलं, ही काय खिडकीपुढची प्रवासी आहे? आयुष्यभर जगाला थापा मारल्या, आज हिला तरी खरं सांगावं. आणि त्याने खरी वेळ सांगितली. "सात पाच."

तिने मनातल्या मनात पाव तास मिळवला, सात वीस धरले, आणि निवांत झोपली.

सकाळी तो पुढे गेला, खिडकीच्या किल्ल्या बदलीवाल्याला द्यायला आणि दोन बऱ्या जागा धरायला. सात वाजले. फाटकातून कुणी येईना. सात पाचला ड्रायव्हरने गाडी सुरू केली. चौकशी दाराच्या दांडीला धरून उभा.

"चौकशीवाले, तुम्ही म्हणून थांबलो," ड्रायव्हर म्हणाला. "आता आतली माणसं मला खातील."

त्याने दोन्ही रुमाल सीटवरून उचलले आणि खाली उतरला. गाडी फाटकाबाहेर वळली, आणि त्याच फाटकातून बायको आत आली. नवी साडी, हातात पिशवी, चाल अगदी संथ.

"गाडी लागली नाही अजून?"

"गेली."

"गेली कशी? सात पाच म्हणालात ना? म्हणजे वीसची."

"सात पाच म्हणजे सात पाच."

"कधीपासून?" तिने विचारलं.

दोघं बाकावर बसली, मध्ये पिशवी. थोड्या वेळाने ती उठली आणि सरळ चौकशीच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आता नवऱ्यावर भरवसा नव्हता. बदलीवाला ह्याच्याच हाताखाली तयार झालेला. तिने पुढची गाडी विचारली. तो भोकातून म्हणाला, "पावणेबारा, वहिनी."

ती परत आली. "बारा ना?"

"बारा," चौकशी म्हणाला.

"बघा. माझं काही चुकलं नव्हतं."

बाराची गाडी म्हणजे पोचायला चार. तिथून घर चालत पाव तासावर. आणि पेपरात छापलं होतं, शेवटचा प्रवेश चारला. हिशेब दोघांनीही आपापल्या मनात केला. एक म्हातारा चौकशीपुढे येऊन वाकला. "साहेब, ती दुपारची..." चौकशीचं तोंड सवयीने उघडलं.

"ते आज रजेवर आहेत," बायको म्हणाली. मग म्हातारा गेल्यावर पिशवीच्या बंदाशी चाळा करत हळूच म्हणाली, "चला घरी. ती बाई काही वाट बघत नाही बसलेली. मलाही आता कंटाळा आला." चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. नुसता शीण होता, मशीनवर ढीग बघितल्यावर असतो तसा.

चौकशी उठला. खिडकीमागच्या खोलीत गेला, बदलीवाल्याला सरकवून फोन घेतला आणि पेपरात छापलेला त्या घराचा नंबर फिरवला. शेवटच्या दिवसाच्या तयारीसाठी लवकर आलेल्या एका बाईचा आवाज पलीकडून आला. सपाट, घासून गुळगुळीत झालेला.

"शनिवार-रविवार दहा ते पाच, उद्यापासून बंद, नाही, रविवारीही बंद, दहा ते पाच फक्त आजच, शेवटचा प्रवेश चार."

त्या एका दमात चौकशीला सगळं कळलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज रात्री तो हाच आवाज घेऊन घरी जात असे.

"ताई," तो म्हणाला, "मीसुद्धा चौकशीच्या खिडकीत बसतो. बसस्थानकावर."

"बरं मग?"

"मी पाव तास आधीची सांगतो. तुम्ही?"

ती बाई पहिल्यांदाच माणसासारखं बोलली. "पाव तासाने माझं भागत नाही हो. इथे दाराशी चपला काढतानाच लोक गप्पा मारत बसतात. मी अर्धा तास धरते."

"म्हणजे साडेचार."

"साडेचार. पण कुणाला सांगू नका. आणि तुम्ही चारच धरून या."

"आमची ही बरोबर आहे," तो म्हणाला. "तिला आधी स्वयंपाकघर बघायचंय."

"सगळ्यांना तेच बघायचं असतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो परत येऊन बाकावर बसला.

"काय म्हणाले?" बायकोने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"शेवटचा प्रवेश साडेचार."

तिचे ओठ हलले. मिळवायला लागली होती ती. मग मध्येच थांबली आणि त्याच्याकडे वळली.

"खरी वेळ?"

चौकशीने दोन्ही भुवया वर केल्या. मग आज एवढ्याने भागणार नाही हे त्याच्याही लक्षात आलं.

"खरी," तो म्हणाला.

बाराला अजून पुष्कळ अवकाश होता. फलाट रिकामा होता, एक कुत्रं मधोमध झोपलेलं. तिने पिशवी उचलली, सुजलेले पाय टाकत त्या कुत्र्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या. मी काही आता इथून हलत नाही."