‘रेस्टोरेशन’ आणि जावयाची कंपनी

अस्मादिकांचे दोहा-प्रयाण कन्येच्या आग्रहास्तव घडले. तिथल्या मराठी मंडळाला मुलांसाठी आरमाराची गोष्ट हवी होती आणि मुक्ताने पित्याचे नाव परस्पर सुचवले. पत्नीने मात्र निघताना निराळीच कामगिरी सोपवली: “पोरीचं पुढे काय, ते बघून या.” मुक्ता आणि जावई निखिल एकाच कंपनीत, घर, गाडी, व्हिसा, सारे कंपनीकृपेने. आणि फुटबॉल विश्वचषकाचे मैदान पूर्ण होताच कंपनीचे काम संपणार.

पहिला दिवस रस्ते शोधण्यात गेला. सर्वत्र खोदकाम, सकाळी विद्यमान असलेला रस्ता दुपारी स्मृतिशेष. भावी प्रवाशांनी मेट्रोच धरावी. सूक वाकिफ या जुन्या बाजारातला करक, म्हणजे आपला कडक, चहा स्वस्त आणि प्राशनीय. मसाल्यांच्या गल्लीत शिंका विनामूल्य. संध्याकाळी निखिलने दुरून मैदान दाखवले. “छताचं थोडंच राहिलंय,” तो अभिमानाने म्हणाला. मी यथोचित कौतुक केले आणि ‘थोडंच’ म्हणजे किती महिने, ते मनात मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान. ‘रेस्टोरेशन’ ही अठराव्या शतकातली मुंबईकर इंग्रजांची लढाऊ नौका. आंग्र्यांनी ती पकडली आणि आपल्या आरमारात रुजू करून घेतली. शीड तेच, धनी नवा. पुढे इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा ती इतर गलबतांसह किल्ल्याच्या छायेत उभी होती. इंग्रजांचा गोळा नेमका तिच्यावर पडला. ती पेटली आणि तिच्या मागोमाग अख्खे आरमार.

मुले आपसात इंग्रजीत कुजबुजत होती. प्रश्न विचारला निखिलने.

“पण बाबा, एकीची आग सगळ्यांना कशी लागली?”

“एकमेकांना बांधून ठेवली होती.”

“का?”

“तसं सुरक्षित वाटलं असेल.”

मुक्ताने नवऱ्याकडे पाहिले. परतताना कंपनीच्या गाडीत ती म्हणाली, “बाबा, तू ही गोष्ट नक्की कुणासाठी सांगितलीस?”

“माझ्या मुलांसाठी.”

नाशिकला परतून महिना लोटला. खजूर संपले, चिंता शाबूत आहे. मुक्ताने हमद पोर्टजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत मुलाखत दिली आहे. उत्तर आलेले नाही. काल निखिलने छत पूर्ण झाल्याचे छायाचित्र धाडले. सारे मैदान दिव्यांनी पेटल्यासारखे दिसते. मी ‘अभिनंदन’ लिहिले आणि लगोलग मुक्ताला विचारले, काही कळले का.