डाव्या बाजूची शिवण

माझी मावशी शिंपीण. माझ्या आईचे, म्हणजे धाकट्या बहिणीचे, कपडे तीच शिवायची. आई वयात आली तेव्हा तिने शिवण सैल केली, मी पोटात होते तेव्हा पुन्हा केली. पन्नाशीत ब्लाऊजची एकटी डावी बाजूच घट्ट व्हायला लागली. “अंग सुटलंय गं ताई,” आई हसली. मावशीने तेवढीच बाजू उसवून दिली.

पुढे डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ज्या हार्मोनने छाती भरते, त्याच्यावरच ही गाठ पोसली.

आई गेली. आता कुणी “एकाच बाजूला घट्ट होतंय” म्हटलं, की मावशी कात्री आपटते. “आधी डॉक्टरला दाखव!” म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणे. फिरू दे!

आईचा तो ब्लाऊज मशीनशेजारी टांगलेला असतो. परवा पाहिलं, मावशीने त्याची डावी बाजू पुन्हा जुन्या मापाला शिवून टाकली होती.