पहिल्या फेरीत कुणाला काढू नका

खारघरला कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक गेमिंग कॅफे होता. तो सांभाळायचा माझा मित्र. खाडीकाठच्या कोळी गावातला, वडील नव्हते, आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. मी तेव्हा एका लहानशा संघटनेचं काम करायचे. काम म्हणजे पत्रकं लिहायची, वाटायची आणि शिव्या खायच्या. पत्रकाची पहिली प्रत काढायला कॅफेचा प्रिंटर बरा पडायचा, म्हणून मी तिथे जायला लागले आणि पोरांचे खेळ बघत बसायला लागले.

मित्र स्वतः फारसा खेळत नसे. त्याला नाद होता भाकितांचा. पुढच्या वर्षी कुठले गेम येणार, त्यात काय काय असणार, हे तो नव्या गेमच्या जाहिराती थांबवून थांबवून बघून सांगायचा.

"हे गोळ्या घालायचे गेम आता मरणार," तो म्हणायचा. "आता जगायचे गेम येणार. जंगलात सोडणार तुला. बंदूक नाय, काय नाय. भूक लागणार, थंडी वाजणार. लाकडं तोड, पाणी शोध, मर नायतर जग."

"हे तर डोंगरावरच्या वाडीतल्या बायका रोज करतात," मी म्हटलं. "त्यांना कुठे कोण टाळ्या वाजवतं?"

"तू गप गं. सगळ्याचं पत्रक करते."

वीज गेली की मशीनं बंद पडायची, आणि मग चिठ्ठ्यांचा खेळ सुरू व्हायचा. एका चिठ्ठीवर 'खुनी', बाकी कोऱ्या. सगळ्यांनी डोळे मिटायचे, खुन्याने गुपचूप एकाकडे बोट दाखवायचं, तो मेला. मग डोळे उघडून सगळ्यांनी भांडायचं, की आपल्यातला खुनी कोण. हात वर करून एकाला बाहेर काढायचं. चुकीचा गेला तर खुनी पुढच्या फेरीत आणखी एक मारणार. हा खेळ चालवायचा माझा मित्र, आणि दर वेळी तो पोरांना बजावायचा, "पहिल्या फेरीत कुणाला काढू नका. पुरावा नसतो. जो नाव घ्यायची घाई करतो ना, त्याच्यावर नजर ठेवा."

त्याचं सगळ्यात लाडकं भाकीत असं होतं, की हे दोन्ही खेळ एक दिवस एकत्र येणार. "उपाशीपण राहायचं आणि संशयपण घ्यायचा. आणि बघ हां, भुकेची पट्टी असते ना वर, तशी बोलण्याची पट्टी येणार. कुणी तुझ्याशी बोललं नाय, की ती उतरत जाणार. संपली की तू खल्लास."

"बोअर होईल दादा," एक कॉलेजवाला म्हणाला.

"तुला काय कळतंय? एकटा राहिलायस का कधी?"

त्याच सुमारास त्याच्या गावाच्या खाडीत मातीचे डंपर रिकामे व्हायला लागले. तिवरांच्या मुळांवर भराव पडत होता. ठेकेदाराला वाट करून दिली होती गावकीच्या पंचांनीच, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग कुणीतरी तहसीलला निनावी अर्ज केला. साहेब आले, पाहणी झाली, डंपर थांबले. अर्ज कुणी केला? मी नाही, आमच्या संघटनेने नाही. कुणी केला ते मला आजही माहीत नाही. ज्याने केला त्याने बरोबर केलं, एवढं लिहून ठेवते.

पंचांनी गावकी बोलावली. देवळापुढे, घरटी एक पुरुष. मित्राच्या घरातून तोच जाणार. देवापुढे नारळ ठेवलेला. एकेकाने यायचं, नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "अर्ज म्या केला नाय." सगळ्यांनी हात ठेवला, सगळे म्हणाले नाय. त्यानेही म्हटलं.

मग मोठ्या पंचाने एका म्हाताऱ्याचं नाव घेतलं. म्हाताऱ्याचं पंचांशी जाळ्यांच्या जागेवरून जुनं भांडण होतं, बाकी त्याचा दोष काही नाही. लोकांचे हात वर जायला लागले. आणि माझा मित्र उठून उभा राहिला.

काय बोलला ते त्यानेच दुसऱ्या दिवशी मला कॅफेत सांगितलं. "मी म्हटलं, पुरावा काय हाय? पहिल्याच बैठकीत कुणाला काढू नका. जो नाव घ्यायची घाई करतो, त्याच्याकडं आदी बघा."

"असं म्हणालास? पंचासमोर?"

"लॉजिक बरोबर होतं गं!"

बरोबरच होतं. कॅफेतली पोरं टाळ्या देऊन गप्प बसली असती. पण गावकीत पुरावा मागणाराच आरोपी असतो. मोठा पंच हसून म्हणाला होता, "याला एवढं सगलं ठाव हाय, म्हंजे याच्याच पोटात हाय." म्हातारा सुटला. त्या म्हाताऱ्याने सगळ्यात आधी माझ्या मित्राविरुद्ध हात वर केला. घर वाळीत.

वाळीत म्हणजे काय, हे शहरात राहणाऱ्यांना सांगावं लागतं. वाण्याने मीठ द्यायचं नाही. नळावर त्या घरची बाई आली की बाकीच्यांनी पाठ करायची. मासळीवाल्यांचा टेम्पो पहाटे पनवेलला निघतो, त्यात तिची पाटी चढवायची नाही. जो बोलेल त्याला दंड. पोलिसांकडे मी स्वतः गेले. साहेब म्हणाले, "मारलं का कुणी? नाही ना? मग न बोलणं हा काय गुन्हा आहे, मॅडम? गावाचं गावात मिटवा." मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'न बोलणं हासुद्धा मार आहे'.

पण पत्रकाने एक गोष्ट होणार नव्हती. मित्राला दोन बहिणी, त्यातल्या थोरलीचं लग्न ठरलेलं होतं. कोळ्यांकडे हळद लग्नाहून मोठी. सगळा गाव मांडवात लागतो, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला धवलारीण लागते. वाळीतल्या घरी ती येणार कशी? शिवाय मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की गावाने घेतलं नाही तर आम्हीपण घेणार नाही. मुलगी घरात बसून होती. तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं, मैत्रिणीसुद्धा.

पंचांचा निरोप आला: अर्जवाल्याचं नाव द्या, घर आत घेतो.

आम्ही दोघं कॅफेत बसून होतो. त्याच्या डोक्यात अजून खेळच चालू होता. "माझा संशय हाय एकावर," तो म्हणाला. "नारळावर हात ठेवताना त्याने डोळे मिटले. पण चुकलं तर?"

"चुकलं नाही तरी द्यायचं नाही," मी ओरडले. "तुमच्या चिठ्ठ्यांच्या खेळात खुनी तरी खुनी असतो. इथे ज्याला शोधताहेत तो एकटाच माणूस नीट वागलाय!"

"आणि ताईची हळद?"

माझ्याकडे फक्त पत्रक होतं.

त्याने नाव दिलं नाही. पण त्याच आठवड्यात, तो कॅफेवर असताना, त्याची आई देवळापुढे गेली. पंच बसलेले असताना तिथे बाया जात नाहीत. ती गेली आणि म्हणाली, "अर्ज म्या केला."

"तुला लिवता येतं का?" पंचाने विचारलं.

"बाजारान एकाकडशी लिवून घेतला."

"कुनाकडशी?"

"नाव नाय ठाव. पोरावरशी इडापिडा काढा. चुकी माजी हाय."

ती अंगठा लावणारी बाई. कुणालाही पटण्यासारखं नव्हतं, आणि कुणाला पटवून घ्यायचंही नव्हतं. पायरीवर डोकं टेकवायला लावलं, नारळ घेतला, घर आत. संध्याकाळी मित्र घरी पोचला, तर शेजारची काकी ओट्यावर बसून चहा पीत होती. म्हणाली, "आलास रं? उशीर केलास." इतके दिवस ती त्याच्या सावलीलाही उभी राहिली नव्हती. त्याने आईला विचारलं, काय केलंस तू? तिने सांगितलं. तो तिच्याशी बोलला नाही. पुढे बरेच दिवस बोलला नाही.

पंच हुशार. ते तिला तहसीलला घेऊन गेले. साहेबांसमोर उभं केलं आणि तिच्याकडून बोलवून घेतलं, की अर्ज माझाच, खोटा होता, मी मागे घेते. साहेबांनाही तेच हवं होतं. एका बाईच्या खोट्या कबुलीने दुसऱ्या कुणाचा खरा अर्ज मेला.

हळद झाली. जोरात झाली. मलाही बोलावणं होतं. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी मांडवात शिरले, आणि त्या माउलीने मला दारातच धरलं.

"पोरी, ते कागद भायेर काडू नको."

"काकू, तुम्ही केलाच नाहीत अर्ज! मग तुम्ही कशाला..."

"हलू बोल. तुजा कागद खरा हाय, माना ठाव हाय. पन खऱ्यान पोरीला हलद नाय लागत. जा, जेव."

पंच पहिल्या पंगतीला बसले होते. तो म्हातारा बेंजोवर नाचत होता. ज्याने अर्ज केला तोही तिथेच असणार, जेवलाही असेल. मी गठ्ठा पिशवीतून काढला नाही. जेवले मात्र नाही.

लग्नानंतर डंपर परत आले. ओहोटीला ती बाई ज्या चिखलात निवटी मासळी धरायला उतरायची, तो चिखल आता मातीखाली आहे. पुन्हा अर्ज झाला नाही. कोण करणार? केला तरी नारळ कुणापुढे येणार, हे गावाला ठाऊक आहे: एकदा कबुली दिलेल्या घरापुढे. मित्र कळंबोलीला खोली घेऊन राहतो. आईला चल म्हणतो, ती हलत नाही.

मी हे सगळं आज लिहिते आहे आणि एकाही माणसाचं नाव घातलेलं नाही. पत्रक लिहिताना मला हे कधी जमलं नसतं, तिथे मी पंचांची नावं ठळक टाईपात छापली होती. पण ती बाई अजून त्याच गावात, त्याच ओट्यावर बसते. आणि तिची धाकटी लग्नाची आहे.