माझ्या खांद्यावर वाकलेली पट्टी

मंडळी, आज सकाळी कसालच्या माझ्याच वर्कशॉपमध्ये मी मार खाल्ला.

देवबागच्या बाबलला मी होडीची शिडी करून दिली होती, पाण्यातून वर चढायला, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची. काल तिची पायरी वाकली आणि त्याचा भाऊ होडीच्या कडेवर आपटला. जबडा फुटला.

बाबल आला तोच शिडी माझ्या पायांवर फेकत. मी काही बोलायच्या आत त्याने टेबलावरची पट्टी उचलली, त्या शिडीतलीच उरलेली, आणि खांद्यावर सणसणीत हाणली. मग आणखी एक. तिसऱ्यांदा उगारलेला हात मात्र वरच थांबला. पट्टी वाकली होती.

"बघ! तुझ्या खांद्यार वाकली, ती माझ्या भावाक कशी धरतली रे?"

कडक, जाड पट्टी वळवताना चिरते, जीव काढते. म्हणून मी मऊ, पातळ घेतली होती. माझ्या हाताला सोपी पडते म्हणून!

खांदा सुजलाय. बायको म्हणते, "पोलिसात जावा."

जाईन. पण पुरावा म्हणून ती वाकलेली पट्टी दाखवावी लागेल. तुम्हीच सांगा, ती कोणाविरुद्ध बोलेल?